मोबाइल एजंट मध्येच हरवतो किंवा एकाचे दोन होतात: नेमकं कुठे पाहायचं

मोबाइल एजंट म्हणजे एका होस्टवरून, म्हणजे संगणकावरून, दुसऱ्यावर स्वतः जाऊन काम करणारा प्रोग्रॅम. तो बिघडल्याचं लक्षण साधारण असं असतं. एजंटला पाच-सहा होस्टची फेरी दिलेली असते. बहुतेक वेळा तो फेरी संपवून निकाल घेऊन परत येतो. मग एके दिवशी येत नाही. कुठल्याही कंटेनरच्या (होस्टवर एजंट चालवणाऱ्या प्रोसेसच्या) यादीत त्याचं नाव नसतं आणि कुठे ठळक एररही नसते. प्लॅटफॉर्म रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तीच रड. कधी नेमकं उलट होतं: एकच काम दोनदा झालेलं दिसतं आणि डेटाबेसमध्ये नोंदी दुप्पट असतात.

रीस्टार्ट केल्यावर बरं वाटतं, म्हणून सगळे नेटवर्कवर खापर फोडतात आणि टाइमआउट-रीट्राय वाढवून मोकळे होतात. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. हरवणारे एजंट थोडे कमी होतात, पण दुप्पट होणारे वाढतात. एजंटचं स्थलांतर कोडमध्ये एका ओळीचं दिसत असलं तरी त्यात चार वेगळी कामं असतात. त्यातलं कोणतं फसलं हे कळेपर्यंत रीट्रायला हात लावू नका.

ती चार कामं अशी. एजंटला थांबवून त्याची अवस्था बाइट्समध्ये बांधणं, म्हणजे सिरिअलाइझ करणं. ते बाइट्स पलीकडे पोहोचवणं. पलीकडे त्याचे क्लास शोधून ऑब्जेक्ट पुन्हा उभा करणं. आणि शेवटी ताबा देणं: नाव नव्या पत्त्यावर नोंदवणं, तिथली प्रत सुरू करणं, इथली प्रत संपवणं. या चारही ठिकाणी लॉगची एकेक ओळ हवी. त्या ओळीत एजंटचं नाव, हॉपचा (एका होस्टवरून दुसऱ्यावरच्या उडीचा) क्रमांक, कुठून-कुठे आणि बाइट्सचा आकार एवढं असलं तरी पुरे. ही चार ओळींची नोंद नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे आहे, म्हणून आधी ती घाला.

उदाहरणं जावामधली आणि बरीचशी जेड या एजंट चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मवरची देतोय. आयबीएमचे ॲग्लेट्स, व्हॉयेजर, कॉन्कॉर्डिया, जेड हे सगळे जावावरच उभे राहिले, त्यामुळे त्यांची दुखणीही सारखीच आहेत.

आधी फेरी उलटी करा

लॉग वाचण्याआधी ही एक चाचणी करा, बराच वेळ वाचतो. एजंट नेहमी चौथ्या होस्टवर मरत असेल तर त्याला तीच फेरी उलट क्रमाने द्या. तो पुन्हा त्याच होस्टवर मेला तर दोष त्या होस्टचा आहे: जुनी जार फाइल (जावा क्लासचं गाठोडं), चुकीचा पत्ता, फायरवॉल. पण तो पुन्हा चौथ्याच हॉपवर, म्हणजे आता वेगळ्याच होस्टवर मेला, तर दोष एजंट स्वतःबरोबर वाहून नेतोय.

दुसऱ्या प्रकारात बहुधा आकार वाढत गेलेला असतो. प्रत्येक ठिकाणी गोळा केलेला कच्चा डेटा एजंट लिस्टमध्ये टाकत जातो. पहिल्या हॉपला काही किलोबाइट असणारा एजंट पुढे काही मेगाबाइटचा होतो आणि एका टप्प्यावर टाइमआउटमध्ये मावेनासा होतो. लॉगमधला बाइट्सचा आकडा हॉपगणिक चढताना दिसला की निदान झालं. डेटाजवळ जाऊन तिथेच गाळणी लावणं आणि फक्त निष्कर्ष नेणं यासाठीच तर मोबाइल एजंट आणला होता. कच्चा माल पाठीवर घेऊन फिरायचं असेल तर साधी रिमोट क्वेरी काय वाईट? प्रत्येक होस्टवरून निकाल मूळ ठिकाणी मेसेजने पाठवा आणि लिस्ट रिकामी करून पुढे निघा.

निघतच नाही, किंवा निघाल्यासारखा वाटतो

जेडमध्ये डू-मूव्ह ही मेथड बोलावली की एजंट त्या क्षणी उडत नाही. ती फक्त त्याची स्थिती बदलून ‘प्रवासात’ अशी करते. चालू बिहेवियरची (एजंटच्या कामाच्या एका तुकड्याची) ॲक्शन मेथड संपल्यावर खरं स्थलांतर सुरू होतं. त्यामुळे डू-मूव्हच्या खालच्या ओळी जुन्याच होस्टवर चालतात. ‘नव्या होस्टवरची फाइल वाच’ अशी ओळ तिथे लिहिलेली असेल तर ती जुन्या होस्टवरची फाइल वाचते आणि कसलीही कुरकूर करत नाही. नव्या ठिकाणचं काम आफ्टर-मूव्ह या पोहोचल्यावर चालणाऱ्या मेथडमध्ये किंवा पुढच्या बिहेवियरमध्येच हवं.

हा गोंधळ होतो याचं कारण जुनं आहे. जनरल मॅजिक कंपनीच्या टेलिस्क्रिप्ट या भाषेत ‘गो’ म्हटलं की एजंट खरोखर पुढच्या सूचनेपासून नव्या जागी चालू व्हायचा. फुगेट्टा, पिक्को आणि विन्या यांनी १९९८च्या त्यांच्या लेखात याला सशक्त गतिशीलता म्हटलं, आणि फक्त कोड व डेटा जातो त्याला दुर्बल. जावाचं व्हर्च्युअल मशीन थ्रेडचा स्टॅक (कोड कुठवर चालला याची नोंद) बाहेर काढून देत नाही, म्हणून जावातले बहुतेक एजंट दुर्बल प्रकारातले. ॲग्लेट्समध्ये तर प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर रन मेथड पहिल्या ओळीपासून पुन्हा चालते. ‘मी कुठल्या टप्प्यावर आहे’ हे एजंटच्या एखाद्या फील्डमध्ये तुम्हीच लिहून ठेवायचं. स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं सगळं मागेच राहतं.

बांधतानाच फसलं तर नॉट-सिरिअलायझेबल-एक्सेप्शन येतं आणि त्यात एका क्लासचं नाव असतं. अडचण अशी की तो क्लास तुमच्या एजंटमध्ये शोधून सापडत नाही. तो तीन-चार पातळ्या खोल असतो, आणि पुष्कळदा तिथवरची वाट एखाद्या अनामिक इनर क्लासमधून गेलेली असते. इनर क्लास आपल्या बाहेरच्या क्लासचा छुपा संदर्भ धरून ठेवतो. एखादा बिहेवियर तुम्ही विंडोच्या क्लासमध्ये अनामिक म्हणून लिहिला असेल तर बिहेवियरबरोबर अख्खी विंडो, तिचे लिसनर आणि त्यांनी धरलेलं डेटाबेस कनेक्शन असं सगळं बांधायचा प्रयत्न होतो. व्हर्च्युअल मशीन सुरू करताना ‘सन डॉट आयओ डॉट सिरिअलायझेशन डॉट एक्स्टेंडेड-डीबग-इन्फो’ ही प्रॉपर्टी ट्रू करा. मग त्याच एररखाली एजंटपासून त्या क्लासपर्यंतची फील्डची पूर्ण साखळी छापून येते. ती वरून खाली वाचा. तुमच्या स्वतःच्या कोडमधलं जे पहिलं नाव भेटेल तिथे दुरुस्ती करायची: बिहेवियर स्वतंत्र किंवा स्टॅटिक क्लास करा, नाहीतर ते फील्ड ट्रान्झिएंट, म्हणजे बांधताना वगळायचं, करा.

हा दोष ‘कधी कधी’ का येतो? कारण ते फील्ड कधी कधीच भरलेलं असतं. कनेक्शन उघडायच्या आत एजंट निघाला तर सुखरूप जातो, उघडल्यावर निघाला तर अडकतो.

पोहोचतो, पण उभा राहत नाही

सगळ्यात जास्त एजंट इथे जातात, आणि पाठवणाऱ्याच्या लॉगमध्ये पुष्कळदा याचा मागमूसही नसतो. म्हणून पलीकडच्या होस्टचा लॉग उघडा. ओळ साधारण अशी दिसेल:

‘इनव्हॅलिड-क्लास-एक्सेप्शन: लोकल क्लास इनकम्पॅटिबल: स्ट्रीम क्लासडेस्क सिरिअल-व्हर्जन-यूआयडी = अमुक, लोकल क्लास सिरिअल-व्हर्जन-यूआयडी = तमुक’

दोन आकडे वेगळे आहेत, म्हणजे एजंट ज्या क्लासमधून बांधला गेला आणि पलीकडे जो क्लास सापडला ते एक नाहीत. तुम्ही म्हणाल, एजंट तर आपला कोड बरोबर नेतो. नेतो, किंवा मागणीनुसार मागच्या कंटेनरकडून मागवतो. पण जावाचा क्लासलोडर रिवाजाप्रमाणे आधी आपल्या पॅरेंटला विचारतो. कोणीतरी चाचणीसाठी त्या होस्टच्या क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधते त्या जागांच्या यादीत) एजंटची जुनी जार टाकलेली असेल तर तीच आधी सापडते आणि बरोबर आलेला नवा कोड बघितलाच जात नाही. तेव्हा होस्टच्या क्लासपाथवर एजंटचे क्लास ठेवायचेच नाहीत. ठेवायचे असतील तर सगळ्या होस्टवर एकदम बदलायचे. अर्धे होस्ट नवे, अर्धे जुने हा काळ सर्वांत धोक्याचा.

शिवाय यूआयडी, म्हणजे वरचा क्लासच्या आवृत्तीचा आकडा, स्वतः लिहिलेला नसेल तर तो क्लासच्या तपशिलावरून काढला जातो. एखादी पब्लिक मेथड वाढवली तरी बदलतो, कधी कंपायलर बदलल्यानेही बदलतो. म्हणून तो हाताने लिहा. मात्र एकदा लिहून कायमचा गोठवून टाकणंही बरं नाही: फील्डचा अर्थ बदलला तर यूआयडीही बदलायला हवा. नाहीतर एररशिवाय चुकीचा डेटा वाचला जाईल, आणि तो शोधणं याहून कठीण.

क्लास मागवण्याबाबत आणखी एक खोच आहे. व्हर्च्युअल मशीन क्लास लागेल तेव्हाच आणतं. एजंट पोहोचला, सुरू झाला, बराच वेळ नीट चालला, आणि मग क्वचितच लागणारा एरर हाताळायचा क्लास पहिल्यांदा हवा झाला. तोवर तो क्लास पुरवणारा कंटेनर बंद झालेला. मग नो-क्लास-डेफ-फाउंड येतो, तोही स्थलांतरापासून इतका दूर की कोणाला त्याचा संबंध लागत नाही. एजंटने निघण्यापूर्वी आपले सगळे क्लास एका जारमध्ये घेऊन जावं, किंवा पोहोचल्याबरोबर सगळ्या क्लासना एकदा हात लावून ते आणवून घ्यावेत.

आता एररविना मरणारे. सिरिअलायझेबल क्लासचा ऑब्जेक्ट पुन्हा उभा होताना त्याचा कन्स्ट्रक्टर चालत नाही, आणि फील्डसमोर लिहिलेली सुरुवातीची किंमतही भरली जात नाही. ‘ट्रान्झिएंट लॉगर’ असं फील्ड जाहीर करतानाच भरलेलं असलं तरी पलीकडे ते नल असतं. मग आफ्टर-मूव्हची पहिलीच ओळ लॉग लिहायला जाते, नल-पॉइंटर येतो आणि ती तक्रार लिहायलाही लॉगर नसतो. जेडमध्ये कंटेंट लँग्वेज आणि ऑन्टॉलॉजीच्या (मेसेजचा मजकूर कसा वाचायचा ते सांगणाऱ्या) नोंदीही बरोबर जात नाहीत. एजंटची सुरुवातीची सेटअप मेथड पुन्हा चालत नाही, म्हणून त्या आफ्टर-मूव्हमध्ये पुन्हा कराव्या लागतात. त्या विसरल्या तर एजंट जिवंत असतो पण मेसेजमधला मजकूर उलगडू शकत नाही. बाहेरून तो हरवल्यासारखाच दिसतो. स्टॅटिक फील्डही जात नाहीत, तिथले मोजणीचे आकडे नव्या होस्टवर तिथल्याच किमतीपासून सुरू होतात.

आणि माझा आवडता गुन्हेगार: नॅनो-टाइम. एजंटने निघताना सिस्टीमचा नॅनो-टाइम फील्डमध्ये ठेवला आणि पलीकडे जाऊन ‘किती वेळ झाला’ म्हणून वजाबाकी केली. त्या घड्याळाचा शून्य प्रत्येक व्हर्च्युअल मशीनचा आपापला असतो. दोन वेगळ्या मशीनमधल्या आकड्यांची वजाबाकी निरर्थक. एखाद्या होस्टवर उत्तर ऋण येतं आणि एजंट अनंतकाळ थांबतो, दुसऱ्यावर ते प्रचंड येतं आणि ‘माझी मुदत संपली’ म्हणून एजंट पोहोचताक्षणी स्वतःला संपवतो. चाचणीत दोन्ही कंटेनर एकाच संगणकावर असले तर हे पुष्कळदा पकडलंच जात नाही. होस्ट रीबूट झाला की वागणं बदलतं, म्हणून ‘रीस्टार्टने बरं होतं’ हा भ्रम इथूनही येतो. मुदत ठेवायची तर साध्या घड्याळाच्या वेळेत ठेवा, होस्टची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या सोयीने) जुळवून घ्या आणि थोडी ढील द्या. नाहीतर ‘किती हॉप उरले’ असा आकडा ठेवा, त्याला घड्याळच लागत नाही.

पोहोचतच नाही

याला फार वेळ देत नाही, कारण कारण बहुधा एकच असतं. कंटेनर सुरू होताना आपण कुठल्या पत्त्यावर ऐकतोय ते लॉगमध्ये छापतो. तिथे १२७ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो दुसऱ्यांना ‘मी तुमच्याच संगणकावर आहे’ असं सांगतोय. डेबियन आणि उबंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये यंत्राचं नाव १२७.०.१.१ला जोडलेलं असतं, तिथून हे येतं. जेडला लोकल-होस्ट हा पर्याय देऊन खरा पत्ता सांगा. एकाहून जास्त नेटवर्क कार्ड असलेल्या किंवा डॉकरमध्ये चालणाऱ्या होस्टवरही हेच करा. आरएमआय (दूरच्या ऑब्जेक्टच्या मेथड बोलावण्याची जावाची सोय) वापरणारा प्लॅटफॉर्म असेल तर फायरवॉलमध्ये १०९९ पोर्ट उघडून भागत नाही. तो फक्त रजिस्ट्रीचा आहे, खरे ऑब्जेक्ट ठरवून दिले नाहीत तर मिळेल त्या पोर्टवर बसतात.

एकाचे दोन

आता अवघड भाग. होस्ट क आणि होस्ट ख धरा. क ने एजंट पाठवला. ख ने तो उभा केला, सुरू केला आणि पोचपावती पाठवली. ती वाटेत हरवली. क चा टाइमआउट संपला. आता क ने काय समजावं? ‘पोहोचला’ समजून आपली प्रत पुसली आणि तो खरंच पोहोचला नसेल, तर एजंट गेला. ‘नाही पोहोचला’ समजून आपली प्रत पुन्हा चालू केली तर दोन झाले. हरवणं आणि दुप्पट होणं ही दोन दुखणी वेगळी नाहीत, एकाच प्रश्नाची ही दोन चुकीची उत्तरं आहेत. टाइमआउट कितीही मोठा केला तरी प्रश्न सुटत नाही, फक्त चूक कुठल्या बाजूला जास्त होईल ते बदलतं. बेभरवशाच्या वाहिनीवर दोघांची खात्रीशीर सहमती होत नाही, ही टू जनरल्स प्रॉब्लेममधली सिद्ध झालेली गोष्ट आहे. कोड कितीही हुशारीने लिहिला तरी ती चुकत नाही.

म्हणून क ला तिसरं उत्तर द्यायची मुभा हवी: ‘माहीत नाही’. टाइमआउट झाला की क ने एजंटची प्रत डिस्कवर गोठवून ठेवायची, चालूही करायची नाही आणि पुसायचीही नाही. मग ख ला विचारत राहायचं, ‘अमुक एजंट, हॉप ४, तुझ्याकडे आला का?’ ख कडे आलेल्या प्रत्येक एजंट-हॉप जोडीची नोंद डिस्कवर हवी. ‘आला’ म्हणाला तर क प्रत पुसतो. ‘आला नाही’ म्हणण्याआधी मात्र ख ने ‘हॉप ४ नाकारला’ अशी नोंद करायची आणि मगच उत्तर द्यायचं. ही पायरी हमखास सुटते. ती सुटली तर ‘आला नाही’ ऐकून क आपली प्रत चालू करतो आणि नेटवर्कमध्ये रेंगाळलेले बाइट्स त्यानंतर ख वर येऊन थडकतात. पुन्हा दोन.

ख उत्तरच देत नसेल तर? क ने थांबायचं. ख उठेपर्यंत एजंट अडकून राहतो, त्याला इलाज नाही. हे परवडत नसेल तर दुप्पट होणं मान्य करा आणि काम असं लिहा की दोनदा झालं तरी बिघडणार नाही: प्रत्येक कामाला फेरीचा क्रमांक आणि टप्प्याचं नाव मिळून एक किल्ली द्या, आणि डेटाबेसमध्ये त्या किल्लीवर युनिक बंधन घाला. ही राखण काम जिथे नोंदलं जातं तिथेच हवी. ‘काम झालं’ असा झेंडा एजंटच्या पोटात ठेवून उपयोग नाही, कारण दोन प्रती झाल्या की झेंडेही दोन होतात.

जेडच्या एकाच प्लॅटफॉर्ममध्ये हा निवाडा मुख्य कंटेनर करतो. नावांचा मुख्य तक्ता त्याच्याकडे असतो आणि एजंटची ओळख एका कंटेनरकडून दुसऱ्याकडे त्याच्या संमतीने जाते. तेव्हा हरवण्याच्या वेळा मुख्य कंटेनरच्या रीस्टार्टशी किंवा त्याच्या लांबलेल्या गार्बेज कलेक्शनशी (मेमरीच्या साफसफाईशी) जुळतात का ते पाहा. जुळत असतील तर कोड चाळत बसण्यापेक्षा मुख्य कंटेनरचं रेप्लिकेशन सुरू करा. दोन वेगळ्या प्लॅटफॉर्मांमध्ये एजंट फिरवत असाल तर असा पंच कोणी नसतो, वरची सगळी व्यवस्था तुमचीच.

होस्टच हळूहळू गुदमरतो

कधी एजंट ठणठणीत असतात आणि यजमान मरतो. आठवडाभर चाललेला होस्ट नवे एजंट घेणं थांबवतो आणि लॉगमध्ये मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची मेमरी) संपल्याची आउट-ऑफ-मेमरी येते. प्रत्येक आलेल्या एजंटसाठी स्वतंत्र क्लासलोडर बनतो. एजंट निघून गेला तरी त्याने मागे सोडलेला एखादा टायमर, स्टॅटिक यादीत नोंदवलेला लिसनर किंवा थ्रेड-लोकल किंमत तो क्लासलोडर आणि त्याचे सगळे क्लास धरून ठेवते. जेसीएमडी या जावाच्या तपासणी साधनाला व्हीएम-क्लासलोडर-स्टॅट्स विचारा आणि एजंटांच्या क्लासलोडरांची संख्या हजर एजंटांच्या संख्येशी ताडून पाहा. हजर पाच आणि लोडर पाचशे असतील तर गळती आहे. साफसफाई बिफोर-मूव्ह या निघण्याआधी चालणाऱ्या मेथडमध्ये करा. जेडमध्ये स्थलांतर यशस्वी झालं तर जुन्या ठिकाणी टेक-डाउन (एजंट संपताना चालणारी मेथड) चालत नाही, त्यामुळे तिथे लिहिलेली साफसफाई कधी होतच नाही.

जावा नवी केल्यावर सगळंच बंद पडलं तर

हा वेगळा आजार. पाहुण्या एजंटला आवर घालायला जुने प्लॅटफॉर्म सिक्युरिटी मॅनेजरवर अवलंबून होते. तो जावा १७मध्ये काढून टाकण्यासाठी नोंदवला गेला. १८पासून चालू कार्यक्रमातून तो बसवायला गेलं की सुरुवातीला खास परवानगी दिली नसेल तर अनसपोर्टेड-ऑपरेशन येतं, आणि २४मध्ये तो कायमचा बंद झाला. २४वर ती परवानगी मागितली तर व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही. जुन्या आवृत्तीवर अडकून राहण्यापेक्षा एजंटांचा कंटेनर वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेगळ्या यूजरखाली, मोजक्या हक्कांनिशी चालवा. लॉगमध्ये ‘फिल्टर स्टेटस: रिजेक्टेड’ दिसलं तर तो जावा ९पासून आलेला सिरिअलायझेशनचा गाळणीदार आहे. त्याला तुमच्या एजंटांच्या पॅकेजची नावं नेमकी सांगा. ‘सगळ्यांना येऊ द्या’ असा तारांकित नियम लिहून मोकळं होऊ नका, कारण बाहेरून आलेले बाइट्स उलगडणं हाच अशा होस्टवरचा सर्वांत उघडा दरवाजा आहे.